एमएसच्या रुग्णांची हाडं कोण तपासणार? मुंबई महापालिकेला एका आईचं खुलं पत्र

प्रति,
माननीय महापालिका आयुक्त आणि सार्वजनिक आरोग्य खात्याचे सर्व अधिकारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका

सादर नमस्कार.

आपल्या एका मोठ्या रुग्णालयात अलीकडेच हाडांच्या ठिसूळपणाची मोफत तपासणी झाली. तपासणी पन्नाशीपुढच्या महिलांसाठीच होती, तसं कागदावर छापलेलं होतं. त्यामुळे माझी तपासणी झाली आणि माझ्या लेकीची झाली नाही. माझी हाडं वयाच्या मानाने बरी निघाली. माझी लेक अजून चाळिशीचीही नाही, पण तिला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस आहे आणि गेल्या पावसाळ्यात तिचा खुबा मोडला आहे. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीला मी दोष देत नाही. तिने दोनदा आत जाऊन विचारलं, तिचा नाइलाज होता. वयाची ही अट ज्यांनी घातली त्यांच्याशी मला बोलायचं आहे, आणि मुंबईत एमएस असलेल्या सगळ्या घरांनी हे वाचावं म्हणून उघडपणे बोलते आहे.

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. राहायला भांडुपला. आमच्या घरातली बाळंतपणं, लसी, ह्यांचं शेवटचं आजारपण, सगळं महापालिकेच्याच दवाखान्यांत झालं. या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी माझ्या लेकीचा आजार ओळखला, तिची दृष्टी वाचवली. ते उपकार मी विसरलेले नाही. आपली रुग्णालयं वाईट आहेत असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. एमएसच्या रुग्णाची हाडं आज आपल्याकडे कुठल्याच विभागाच्या जबाबदारीत येत नाहीत आणि त्यापायी माणसं कायमची अंथरुणाला खिळतात, एवढंच मला सांगायचं आहे.

ज्यांना या आजाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करते. आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून जास्त आढळतो. कुणाची नजर जाते, कुणाचा तोल, कुणाचा पाय उचलत नाही, कुणाला लघवी आवरत नाही. हाडाशी याचा काय संबंध, असं मलाही लोक विचारतात. संबंध एका धाग्याचा नाही, चार-पाच धागे एकत्र येतात.

हाडावर रोज शरीराचा भार पडला तरच ते घट्ट राहतं. पायांची ताकद गेली, चालणं कमी झालं की कंबर आणि खुब्याकडचं हाड आधी विरळ होतं. एमएसमध्ये हे तिशीतच सुरू होऊ शकतं, पाळी जाण्याची वाट पाहत नाही. दुसरं, ऊन. अंग तापलं की एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात: दिसणं अंधुक होतं, पाय जड पडतात. मुंबईचा मे महिना आणि ऑक्टोबरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला कळेल की हे रुग्ण पंख्याखालून का हलत नाहीत. मग ड जीवनसत्त्व कमी पडतं आणि कॅल्शियम हाडात पोचत नाही. तिसरं, औषधं. आजाराचा झटका आला की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून देतात, बहुतेक वेळा रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. झटक्यातून लवकर सावरायला ते द्यावं लागतं, त्याविषयी माझी तक्रार नाही. एका-दोन वेळच्या सलाइनने हाडं जातात असं कुणी ठामपणे म्हणत नाही, पण वर्षानुवर्षं झटके येत राहिले आणि गोळ्याही चालू राहिल्या तर त्याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा की नको? चेहऱ्याच्या कळांसाठी दिलं जाणारं कार्बामाझेपिन ड जीवनसत्त्व घटवतं. ताठर पायांसाठीच्या बॅक्लोफेनने झोप येते, अंग ढिलं पडतं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे पडणं. एमएसच्या रुग्णांवर झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर तीन महिन्यांच्या काळात निम्म्याहून अधिक रुग्ण निदान एकदा पडलेले दिसतात. रात्री घाईची लघवी लागते, दिवा लावेपर्यंत दम धरवत नाही, पाऊल घासत पडतं आणि उंबऱ्याला अडकतं. विरळ हाड आणि वरचेवर पडणं, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिसच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासात एमएसच्या रुग्णांचा खुबा मोडण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. म्हणजे ही माहिती नवी नाही. न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांना ती ठाऊक असते. आपल्या ओपीडीत मात्र तिचा उपयोग होत नाही.

का होत नाही, ते आता सांगते.

पहिली गोष्ट तपासणीची. माझ्या लेकीचा आजार जुना आहे. तिचा केसपेपर जाड फाईल झाला आहे. एमआरआय आहेत, रक्ताचे रिपोर्ट आहेत, पण खुबा मोडेपर्यंत त्या फाईलमध्ये हाडांच्या घनतेचा म्हणजे डेक्सा तपासणीचा एकही कागद नव्हता. न्यूरोलॉजीत विचारलं तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणायचे. हाडाच्या ओपीडीत गेलो तर हाड मोडलेलं नाही, मग इथे काय काम? तरुण निवासी डॉक्टर दिवसभर मान वर न करता पेशंट बघत असतात, त्यांच्यावर मी कशाला रागवू? त्यांच्या समोरच्या कागदावर हा रकानाच नाही. बाहेर डेक्साला काही हजार रुपये पडतात. ज्या घरात औषधांचाच खर्च पेलत नाही त्या घरात, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय, ही तपासणी कोण करून घेणार?

यातही एक बारीक अडचण आहे. जगभर हाड मोडण्याचा धोका मोजायला फ्रॅक्स नावाची पद्धत वापरतात. ती ४० ते ९० या वयासाठी बनलेली आहे. त्यात स्टेरॉइडचा प्रश्न आहे, पण तो तीन महिन्यांहून जास्त काळ रोज गोळ्या घेणाऱ्यांसाठी. अधूनमधून शिरेतून मोठे डोस घेणारा रुग्ण त्यात नीट बसत नाही. रुमेटॉइड संधिवाताला त्यात स्वतंत्र रकाना आहे, एमएसला नाही. म्हणजे वय चाळिशीच्या आत, आजार एमएस आणि स्टेरॉइड शिरेतून, अशी बाई तिन्हीकडून निसटते. पन्नाशीची अट घालून आपल्या शिबिराने तिला चौथ्यांदा बाहेर ठेवलं. तरुण बायकांची डेक्सा वाचायचा नियमही वेगळा असतो. पाळी गेलेल्या बाईसाठी टी-स्कोअर (तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात, पण तरुण बाईसाठी झेड-स्कोअर (तिच्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघतात आणि तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने घनता कमी आहे असं समजतात. हे मला खुबा मोडल्यानंतर एका भल्या डॉक्टरीण बाईंनी कागदावर आकडे मांडून समजावलं. तो समजावण्याचा वेळ आधी मिळायला हवा होता.

दुसरी गोष्ट अपघात विभागाची, आणि ही मला फार लागली आहे. लेक न्हाणीघराच्या दारात पडली. तिच्या त्या पायात मुळातच जाणीव कमी, त्यामुळे ती किंचाळली नाही, रडली नाही. फक्त पाय टेकवता येईना. शेजारच्या मुलांनी खुर्चीत बसवून जिने उतरवले. अपघात विभागात फाईल बघून सांगण्यात आलं की हा एमएसचाच झटका दिसतो, पायातली ताकद गेली आहे, न्यूरोला दाखवा. पडल्याचं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. खुब्याचा एक्स-रे दुसऱ्या दिवशी निघाला, तोही एका सिस्टरांनी पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला बघितला म्हणून. त्या सिस्टरांचे पाय धरावेसे वाटले मला. तोवर माझ्या मुलीला त्या मोडक्या खुब्यानिशी स्ट्रेचरवरून खाटेवर, खाटेवरून पुन्हा स्ट्रेचरवर ओढलं गेलं होतं. खुब्याच्या मोडलेल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटायची भीती असते, तिथे वेळेला किंमत असते, हे मी आपल्याला काय सांगावं.

एमएसच्या रुग्णाला वेदना कमी जाणवू शकतात. नवं अधूपण दिसलं की ते आजाराच्या खात्यावर टाकणं सोपं असतं. म्हणूनच नियम हवा: एमएसचा रुग्ण पडला आहे आणि पायावर भार घेत नाही, तर आधी एक्स-रे, मग बाकीची चर्चा.

तिसरी गोष्ट उचलण्या-ठेवण्याची. विरळ झालेलं हाड पडल्यावरच मोडतं असं नाही, वेडंवाकडं ओढलं तरी मोडू शकतं. वॉर्डबॉय आणि मावशी मनाने चांगले असतात, अंगात ताकद असते, पण पाय ताठर झालेल्या रुग्णाला कसं धरायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. बगलेत हात घालून उचलतात, पाय तसाच लोंबतो. सरकवायची चादर किंवा फळी कुठे आहे विचारलं तर वॉर्डात कुणाला माहीत नसतं.

चौथी गोष्ट मोडल्यानंतरची. स्क्रू बसवले, टाके निघाले, घरी सोडलं. हाड मुळात का मोडलं, दुसरं मोडू नये म्हणून काय करायचं, याचं एक ओळभरही डिस्चार्ज कार्डावर नव्हतं. कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या होत्या, एवढंच. ड जीवनसत्त्व मोजलं नव्हतं. हाडं बळकट करायची औषधं आहेत, पण ती सरसकट देता येत नाहीत. आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. ज्याला गिळायला त्रास आहे किंवा बसवत नाही त्याला ती कशी देणार? वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक अॅसिड आहे, पण त्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते. ज्या मुलींना पुढे मूल हवं आहे त्यांच्या बाबतीत आणखी विचार करावा लागतो. हे ठरवायला न्यूरोलॉजी, अस्थिरोग आणि ग्रंथीविकाराचे डॉक्टर एकत्र बसायला हवेत. आपल्या मोठ्या रुग्णालयांत हे तिन्ही एकाच आवारात असतात. बाहेर एवढे तज्ज्ञ एका छताखाली मिळायला माणसाला श्रीमंत असावं लागतं. आपल्याकडे ते आहेत, फक्त त्यांच्यामध्ये दार उघडलेलं नाही.

आणि पाचवी गोष्ट रस्त्याची. तुम्ही म्हणाल, आरोग्य खात्याला रस्त्याचं काय सांगता? पण आयुक्तसाहेब, रस्तेही आपलेच आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. आमच्या स्टेशनजवळच्या रस्त्याला टेप लावून बघावी. पेव्हर ब्लॉक एक वर, एक खाली. पावसात खालची माती वाहून जाते आणि ब्लॉक पावलाखाली झुलतो. धडधाकट माणसाला ठेच लागते, पाय ओढत चालणाऱ्याचं काय होत असेल! फुटपाथच्या तोंडाशी ठोकलेल्या खांबांमधून चाकाची खुर्ची जात नाही, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. फिजिओथेरपीला जा, चाला, हाडांवर भार पडू द्या, असा सल्ला डॉक्टर देतात. चालायचं कुठे?

हे सगळं मी दयेपोटी मागत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे तीत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमात राज्य सरकारबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही जबाबदारी टाकली आहे: रुग्णालयाच्या सर्व भागांत अडथळ्याविना जाता यावं, तपासणी आणि उपचारांत प्राधान्य मिळावं, दिव्यांगत्व टाळण्यासाठी उपाय करावेत. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. मुदत उलटून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे किमान निकष नुसत्या मार्गदर्शक सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

पैशांचं म्हणाल तर २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि त्यात आरोग्यासाठी ७,००० कोटींहून अधिक तरतूद होती. मी मागते आहे ती यंत्रं आणि माणसं यांतली बरीचशी आपल्याकडे आधीच आहेत.

माझ्या मागण्या अशा.

एमएसच्या प्रत्येक रुग्णाची, वय न बघता, डेक्सा आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत व्हावी. निदान झाल्यावर लवकर एकदा आणि पुढे डॉक्टर ठरवतील तितक्या अंतराने. ज्या रुग्णालयात डेक्साचं यंत्र नाही तिथल्या रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयाची तारीख त्याच ओपीडीत मिळावी, नातेवाइकाला चिठ्ठी घेऊन शहरभर फिरवू नये. हाडांच्या शिबिरांतली वयाची अट एमएस, लकवा, मणक्याच्या दुखापती आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या सगळ्यांसाठी काढून टाकावी. ही मागणी फक्त माझ्या लेकीपुरती नाही.

न्यूरोलॉजी ओपीडीच्या केसपेपरवर तीन प्रश्न छापावेत: गेल्या भेटीनंतर पडलात का, आजवर किती स्टेरॉइड घेतलं, हाडांची तपासणी कधी झाली. यासाठी निधी लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

अपघात विभागांसाठी लेखी सूचना निघावी की एमएसचा रुग्ण पडून आला तर दुखत नसलं तरी एक्स-रे काढल्याशिवाय त्याला दुसरीकडे पाठवू नये.

महिन्यातून एक दिवस तरी न्यूरोलॉजी, अस्थिरोग, ग्रंथीविकार आणि फिजिओथेरपीचे डॉक्टर एकत्र बसतील अशी ओपीडी, सुरुवातीला निदान एका मोठ्या रुग्णालयात, सुरू करावी. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून मुंबईतून काम करते आहे. रुग्णांपर्यंत पोचायला तिची मदत घेता येईल.

तोल आणि ताकदीचे व्यायाम घराजवळ मिळावेत. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ योजनेतल्या ज्या पॉलिक्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहेत त्यांना एमएसच्या रुग्णाचं प्रशिक्षण द्यावं. भांडुपहून शहरातल्या रुग्णालयात जायचं म्हणजे लोकलचे जिने, रिक्षा, पुन्हा जिने. व्यायाम मिळेपर्यंत रुग्ण दमलेला असतो आणि दमलेला रुग्णच पडतो. लोंबणाऱ्या पावलाला आधार देणारा स्प्लिंटही तिथेच मोजून मिळावा. वॉर्डबॉय, मावशी आणि रुग्णवाहिकेवरची माणसं यांना रुग्ण उचलण्याचं शिक्षण आणि प्रत्येक वॉर्डाला सरकवायच्या चादरी मिळाव्यात.

रस्त्यांबाबत एकच मागते. महापालिकेच्या प्रत्येक रुग्णालयाच्या फाटकापासून जवळच्या बस थांब्यापर्यंत आणि रेल्वे स्टेशनपर्यंतचा फुटपाथ आधी दुरुस्त करा. सगळ्या मुंबईचे फुटपाथ एका वर्षात होणार नाहीत हे मला कळतं. हे एवढे होऊ शकतात. त्याच वाटेवरच्या सार्वजनिक शौचालयांत एक तरी कमोड आणि धरायला दांडा असावा.

माझी लेक आज वॉकर धरून खोलीत चालते. पडण्याआधी ती काठी घेऊन भाजी आणायला जात होती, शिकवण्या घेत होती. एमएसमध्ये महिनाभर पाय वापरला नाही की गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. तिची किती येईल ते तिचे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. तिच्या ओपीडीत मला विशीतल्या मुली दिसतात, नुकतं निदान झालेल्या, आईचा हात धरून आलेल्या. त्यांची हाडं अजून शाबूत आहेत. आज तपासली तर वाचतील.

या पत्राची प्रत मी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला पाठवते आहे. आपल्याकडून मला लेखी उत्तर हवं आहे: वरच्या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती नाही, आणि जी मान्य ती कोणत्या तारखेपासून. जी मान्य नाही तिचं कारण द्यावं. चर्चेला बोलावलंत तर मी येईन, लेकीलाही आणीन. बैठक तळमजल्यावर किंवा लिफ्ट चालू असलेल्या इमारतीत ठेवावी.

आपली,
महापालिका शाळेतली एक निवृत्त शिक्षिका
भांडुप, मुंबई